दुप्पट वेगातल्या बाई

गिटार शिकवणाऱ्या बाईंच्या भाचीला एकच व्यसन होतं, याद्या करण्याचं. छत्री विकत घ्यायची तरी ही पोरगी पाच छत्र्यांचा तक्ता मांडायची. त्यामुळे बाईंनी फोनवर सहज म्हटलं, "घरबसल्या धडे रेकॉर्ड करता येतील असं काहीतरी कॉम्प्युटरवर घालून दे गं," तेव्हाच आपण काय ओढवून घेतोय हे त्यांना कळायला हवं होतं. पुढच्या रविवारी भाची अकरा सॉफ्टवेअरांची यादी घेऊन दारात हजर.

"मावशी, आधी सांग, तुला नक्की करायचंय काय? गाणी बनवायचीत की नुसतं शिकवायचंय?"

"शिकवायचंय गं. विद्यार्थ्यांना घरी ऐकायला काहीतरी द्यायचंय."

हे अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं बाईंच्या डाव्या हाताच्या तिसऱ्या बोटात होतं. वर्ष झालं, ते बोट पटकन वाकतच नव्हतं. हळू वाजवलं की सगळं ठीक. वेग वाढवला की बोट मागे राही आणि सूर हुकत. बाई पस्तीस वर्षं शिकवत होत्या. लग्न केलं नाही, दुसरं काही शिकल्या नाहीत आणि त्याचं त्यांना कधी वाईटही वाटलं नाही. पण वाजवता न येणाऱ्या बाईंकडे कोण कशाला येईल? एकेक करून सगळे जातील, असं त्यांना वाटे. म्हणून वर्गात त्या हल्ली "तुम्ही वाजवा, मी ऐकते" म्हणून वेळ मारून नेत. झाकली मूठ सव्वा लाखाची हे खरं, पण गिटार शिकवणाऱ्या माणसाचं मूठ झाकून किती दिवस भागणार?

यादी सुरू झाली. पहिल्या सॉफ्टवेअरमध्ये इतकी बटणं की बाईंना चष्मा बदलावासा वाटला. दुसरं उघडलं की न विचारता ढोल बडवायला लागे. तिसरं फार हुशार. जे वाजवाल ते आपोआप लिहून दाखवायचं, आणि त्यात हुकलेले सूरही इमानेइतबारे लिहायचं. त्या आगाऊ कार्ट्याला बाईंनी जागच्या जागी बाद केलं. सातव्यात एक साधी कळ होती. ती डावीकडे सरकवली की वाजवलेलं हळू ऐकू येई.

"हे शिकणाऱ्यांसाठी," भाची म्हणाली. "अवघड जागा सावकाश ऐकता येते. सूर बदलत नाही, फक्त वेग कमी होतो."

"आणि उजवीकडे सरकवली तर?"

"तर जलद होतं. पण तुला ते कशाला लागेल?"

"सहज विचारलं," बाई म्हणाल्या, आणि उरलेली चार न बघताच सातवं पसंत केलं. भाचीला फार लागलं ते. तिनं अकराव्याला सर्वांत जास्त गुण दिले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नव्हतं. खिडकीतून ऊन आत येऊन गालिच्यावर पडलं होतं. बाईंनी एक जुनी, अवघड रचना निम्म्या वेगानं वाजवली, बोटाला पोहोचायला पुरेसा वेळ देत. मग हेडफोन लावले, कळ उजवीकडे पार शेवटपर्यंत ओढली आणि डोळे मिटले.

कानात एक मुलगी वाजवायला लागली.

ती कोण हे बाईंना लगेच कळलं. शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत राहणारी, चोवीस वर्षांची, खालच्या शिलाई मशीनशी शर्यत लावून वाजवणारी ती पोर, म्हणजे तरुणपणच्या त्या स्वतःच. तिची बोटं कुठंच अडत नव्हती. एका लांब सुरावर ती बोट हलवून सूर लहरवी, तेव्हा त्या सुरात एक घाई होती, कुणीतरी जिन्यावरून धावत वर येतंय तशी. किती जोश होता पोरीत, बाईंना वाटलं. त्यांनी पुन्हा ऐकलं, आणि पुन्हा. डोळे उघडले तेव्हा ऊन गालिच्यावरून भिंतीवर गेलं होतं आणि चहा थंडगार झाला होता.

मग त्यांना तो नादच लागला. रोज दोन ते चार त्या तिच्याकडे जाऊन येत. आपण वाजवतोय की ती, हे काही दिवसांनी त्यांनाही धड सांगता आलं नसतं. पडद्यावर हिरवी रेघ डोंगरदऱ्या काढत सरकत राही, रस्त्यावरचे आवाज लांब जात आणि दुखणारा हात मांडीवर निजून असे. बाई सुखात होत्या. खोटं सुख होतं, पण सुखच होतं. ते दुप्पट वेगातलं रेकॉर्डिंग त्यांनी सगळ्या विद्यार्थ्यांना पाठवून दिलं. "बाई, कमाल!" अशी उत्तरं आली आणि ती त्यांनी लाजून, पण दोन-दोनदा वाचली.

विद्यार्थ्यांत एक दातांचे डॉक्टर होते. दर गुरुवारी दुपारी दवाखाना बंद असे तेव्हा ते चारनंतर यायचे. पन्नाशीचा, अबोल, मन लावून काम करणारा माणूस. दाताचा साचा काढावा तसं जे ऐकतील ते हुबेहूब हातात उतरवायचे. रेकॉर्डिंग पाठवल्याला सहा आठवडे झाले होते तेव्हा त्यांनी ती रचना बाईंना वाजवून दाखवली. छान चालली होती. मग तो लांब सूर आला, डॉक्टरांनी ओठ घट्ट मिटले आणि बोट असं काही हलवायला लागले की सूर थंडी वाजल्यासारखा कुडकुडला.

"अहो, हे काय?" बाई म्हणाल्या.

"तुमचंच आहे, बाई. दोन सेकंदांच्या सुरात वीस हेलकावे. मी मोजलेत. माझे चौदाच होतात."

बाईंनी मनातल्या मनात हिशेब केला. त्यांनी तो सूर चार सेकंद धरला होता. आपल्या नेहमीच्या, निवांत लयीत बोट हलवलं होतं. कळीनं सुराबरोबर ते हेलकावेही दामटले होते. जिन्यावरून धावत येणारं कुणी नव्हतंच.

"ते सोडून द्या," त्या घाईनं म्हणाल्या. "साधं वाजवा."

"म्हणजे मला जमणार नाही, असंच ना?" डॉक्टरांनी मनगट चोळलं. "मी आज सांगायलाच आलो होतो, बाई. हा शेवटचा तास. सहा आठवडे घासतोय. आता दवाखान्यात हत्यार धरताना मनगट दुखतं. तुमच्या हातात जे आहे ते माझ्या हातात नाही. मान्य करून मोकळं व्हावं म्हणतो."

एक शब्दही न बोलता बाई मोकळ्या होऊ शकल्या असत्या. डॉक्टर गेले असते, ती मुलगी राहिली असती. उद्या दुपारी दोनला पुन्हा भेटली असती. हे सगळं बाईंना स्वच्छ दिसलं आणि स्वतःची लाज वाटली.

"डॉक्टर, ते माझ्याही हातात नाही," त्या म्हणाल्या.

त्यांनी कॉम्प्युटर उघडला आणि कळ होती त्या मूळ जागी आणली. रचना निम्म्या वेगानं वाजू लागली. लांब सूर आला, सावकाश लहरला, गेला. बाईंनी डावा हात पुढे करून तिसरं बोट वाकवून दाखवलं. ते जेवढं वाकलं तेवढंच.

डॉक्टरांनी त्या बोटाकडे निरखून पाहिलं. मग त्यांचा चेहरा लाल झाला.

"सहा आठवडे, बाई! मला वाटलं, माझ्यातच खोट आहे."

"खोट माझी होती. सांगायची हिंमत नव्हती. वाटलं, कळलं तर तुम्ही सगळे जाल."

डॉक्टरांनी गिटार पिशवीत घातली आणि चेन ओढली. ती अर्ध्यावर अडकली. त्यांनी दोनदा हिसका दिला, मग हात काढून घेतला आणि खुर्चीत बसले.

"वाजवा मग," ते म्हणाले. आवाजातला राग अजून गेला नव्हता.

"काय?"

"तेच. तुमच्या वेगानं. वर्षभरात तुम्हाला समोर वाजवताना ऐकलेलं नाही मी."

बाईंनी गिटार मांडीवर घेतली. निम्म्या वेगानं सुरुवात केली. दोन ओळी झाल्या तेव्हा शेजारून चेन उघडल्याचा आवाज आला आणि डॉक्टर हळूच त्यांच्याबरोबर वाजवू लागले. तिसऱ्या ओळीत ती अवघड जागा आली. डॉक्टरांची बोटं सहज पुढे गेली असती. पण ते थांबले. बाईंच्या तिसऱ्या बोटाकडे बघत, तार दाबून धरून, थांबून राहिले. बोट सावकाश पोहोचलं, आणि मग दोघांनी तो सूर एकदमच छेडला.

बाईंना रडू कोसळलं. दोन्ही हात तारांवर होते, डोळे पुसणार कशानं? त्या तशाच वाजवत राहिल्या.