चासीतली वाळू

दसऱ्याच्या सकाळी माझ्या मुलीच्या ट्रकच्या पोटातून वाळू पडली. ओंजळभर असेल. करडी, ओलसर, आणि तिच्यात नखाएवढी एक शिंपली.

ट्रक म्हणजे इथला, जपानमधला, तो बुटका, पांढरा मिनी ट्रक. पुढे दोनच माणसं बसतात, इंजिन सीटखाली असतं आणि मागच्या हौद्यात साडेतीनशे किलो माल मावतो. सुमेधानं तो तीन आठवड्यांपूर्वी घेतला होता. हिगाशी-कसाई भागातल्या आमच्या घरी ती जेवणाचे डबे करायची. ओजिमा भागातल्या इमारतींमध्ये राहणाऱ्या आपल्याकडच्या तरुण मुलांकडून मागणी वाढली, सायकलला ते ओझं झेपेना, म्हणून ट्रक. दोन वर्षांची तिची शिल्लक त्यात गेली. गाडी दिली जयप्रकाशनं. तो जुने मिनी ट्रक गोळा करून परदेशात पाठवतो. शैलेंद्रचा, म्हणजे माझ्या जावयाचा, तो मित्र.

"वहिनी, ह्याला खर्च कसला?" तो म्हणाला होता. "ऑइल वेळेवर बदला, क्लच जपून दाबा. टायमिंग बेल्ट नवा टाकलाय. शाकेन आत्ताच पास झालंय, दोन वर्षं कुणी विचारणार नाही. आणि काका आहेतच की पेपर वाचायला!"

शाकेन म्हणजे इथली सक्तीची सरकारी तपासणी. आणि काका म्हणजे मी. पुण्याच्या एका छापखान्यात मी चौतीस वर्षं मुद्रितं तपासली आणि यंत्रांच्या माहितीपत्रकांची भाषांतरं करता यावीत म्हणून पुस्तकांवरून जपानी शिकलो. वाचता येतं. बोलायची वेळ आली की घसा कोरडा पडतो. गाडीचे कागद मी चार संध्याकाळी वाचले, शिक्के जुळवले, आणि "ठीक दिसतंय," असं सुमेधाला सांगितलं. गाडीखाली वाकून बघायचं मला सुचलं नाही. मला वाटतं, जपानी वस्तूवर जपानी शिक्का असल्यावर आपल्यापैकी कुणालाच ते सुचलं नसतं. पण हेही मी स्वतःच्या सोयीचंच बोलत असेन.

दसऱ्याला गाडीची पूजा करायची म्हणून आम्ही ती नाणी टाकून गाड्या धुण्याच्या जागी आणली. सुमेधानं बाल्कनीतल्या झेंडूची माळ आणली होती. फवाऱ्याची नळी माझ्याकडे होती.

"अप्पा, वरून झालं, पुरे आता."

"खालूनही घेतो. पूजेची गाडी आहे."

मी वाकून फवारा खाली धरला. चासीवरचा, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावरचा, काळा रंग सालीसारखा निघून आला. आतून तपकिरी पाणी वाहायला लागलं आणि मग ती वाळू पडली. मागच्या चाकाची कमान, म्हणजे वजन पेलणारी पट्ट्यांची स्प्रिंग, जिथं चासीला धरलेली असते तिथं मी हात लावला. माझा अंगठा लोखंडात गेला. खरंच गेला, पहिल्या पेरापर्यंत.

"सुमेधा, इकडे ये."

तिनं वाकून पाहिलं. तिच्या हातातली माळ ओल्या जमिनीला टेकली. "हे काय आहे? वाळू कुठून आली?"

"समुद्रातून. गाडी त्सुनामीत होती."

"तुम्हाला काय माहीत?"

आता सांगणं भाग होतं. गाडीच्या देखभालीच्या वहीत दर सहा महिन्यांनी ऑइल बदलल्याची नोंद होती. एकच हस्ताक्षर, उत्तरेच्या किनाऱ्यावरचं एकच गॅरेज. शेवटची नोंद फेब्रुवारी २०११ ची. पुढच्याच महिन्यात त्या किनाऱ्यावर त्सुनामी आली. त्यानंतर वर्षभर काही नाही, आणि मग दुसऱ्याच गावचा नवा शिक्का. ती कोरी जागा मला दिसली होती. वाटलं, आपल्याला गाड्यांतलं काय कळतं? शैलेंद्रच्या मित्राला उगाच कशाला दुखवा?

"दिसलं होतं, आणि बोलला नाहीत?" सुमेधाचा आवाज अगदी खाली गेला. "मी ह्यातून रोज हायवेच्या पुलावरून जातेय, अप्पा!"

मी फवारा बंद केला.

तिनं जयप्रकाशला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"अरेरे," तो म्हणाला. त्याला धक्का बसला असेल असं वाटलं नाही. "मलाही लिलावातूनच आली हो ती. टेन्शन घेऊ नका वहिनी, घरचा मामला आहे. गाडी परत आणा, सगळे पैसे परत देतो. परवाच कंटेनर भरतोय, त्यात टाकून देतो."

"ह्या अवस्थेत?" मी विचारलं. फोनवर आपण होऊन मी सहसा बोलत नाही.

"काळा रंग मारला की झालं, काका! तिकडे लोक शेतावर वापरतात. सहा महिन्यांनी कमान सुटली तर म्हणतील, ह्या गाड्यांचा कॉमन प्रॉब्लेमच आहे. कोण विचारायला येतंय?" तो हसला.

मी सुमेधाकडे पाहिलं. आता ती त्याला चांगलं सुनावेल अशी माझी खात्री होती.

"चालेल," ती म्हणाली. "तासाभरात आणते. हळू चालवीन." आणि तिनं फोन ठेवला.

वाळू पाहून बसला नव्हता एवढा धक्का मला त्या एका शब्दानं बसला.

"अगं, तिकडेही कुणीतरी चालवेलच ना ती."

"मग मी काय करू? भंगारात देऊ? उद्या अकरा घरांचे मोठे डबे आहेत. ती माणसं कोण, कुठली, आपल्याला कधी कळणारही नाही."

"म्हणूनच तर."

"अप्पा, प्लीज. आधी बोलायचं होतं तेव्हा बोलला नाहीत. आता नको."

ती चूक बोलत नव्हती. ती माळ गुंडाळायला वळली. सीटमागे चाकाचा पाना होता. मी तो काढला, गाडीमागे जाऊन बसलो आणि जिथं अंगठा गेला होता तिथं मारला. आयुष्यात मी खिळासुद्धा सरळ ठोकलेला नाही. पहिल्या फटक्यात पत्रा फाटला, तिसऱ्यात कमानीचा खालचा भाग सुटला, आणि मागची बाजू धाडकन टायरवर बसली. मी घाबरून मागे पडलो.

"अप्पा! वेड लागलंय का तुम्हाला?"

शेजारी गाडी धुणाऱ्या बाईंनी त्यांचा फवारा बंद केला.

सुमेधानं वाकून ते बसलेलं चाक पाहिलं. "पैसे गेले. आता तो ही परत घेणार नाही," ती म्हणाली. "मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर हात उचलला नसता."

भंगारवाल्याला फोन तिनंच केला. दुपारी एक वयस्कर माणूस क्रेनची गाडी घेऊन आला. त्यानं खाली वाकून पाहिलं, वाळू बोटावर घेतली आणि काही न विचारता टोपी काढून क्षणभर उभा राहिला. मग त्यानं सुमेधापुढे कागद धरला. हे मोडीतच जाईल ना, पुन्हा विकलं जाणार नाही ना, हे तिनं त्याला दोनदा विचारलं आणि मग सही केली.

परतीच्या बसमध्ये ती माझ्या शेजारी न बसता पुढच्या सीटवर बसली. तीन स्टॉप गेले. मग मान न वळवताच म्हणाली, "ट्रेननं मी सहा डबे नेऊ शकेन. जास्त नाही."

"पाच मी नेतो."

"बेल वाजवायची, नाव विचारायचं, पैसे मागायचे. बोलावं लागेल अप्पा, अनोळखी लोकांशी. पाच वेळा."

याचा मी विचार केला नव्हता.

"पहिलं घर कितव्या मजल्यावर आहे?" मी विचारलं.