वाढलेला इंच

न विचारता वस्तू हलवायची सुनेला खोडच होती. परवा कात्रीला परस्पर धार लावून आणली, काल बटणांचे डबे वरच्या फळीवरून खाली आले. शिलाईच्या त्या दुकानात इतकी वर्षं सासूबाईंचाच शब्द चालत आलेला. आणि ही बया तोंडातून ब्र न काढता हवं ते करून मोकळी.

एरवी त्यांनी तिला चांगली सोलून काढली असती. पण सध्या त्यांच्याच जिवाला घोर लागला होता. दोन महिने पाळी आली नव्हती. दुकान उघडलं की कपडे घालून बघायच्या पडद्यामागे जाऊन त्या आपली कंबर मोजत. चांगली इंचभर वाढली होती. वय पन्नाशीला टेकलेलं, घरात सून, आणि हे असलं! गल्लीतल्या बायकांना वर्षभर चघळायला विषय. नवरा नुसता समोर आला तरी त्यांचं डोकं फिरे. तो बिचारा आपलं काय चुकलं ते न कळून मुकाट जेवे.

"आई, कुणाचं माप घेताय?" सुनेनं पडद्यातून डोकं आत घातलं.

"तुझ्या बापाचं."

"त्यांची कंबर एवढी बारीक कुठली!" सून आत आली, पडदा नीट ओढून घेतला. "दोघींची पॅडची पाकिटं मीच आणते ना. तुमचं तसंच पडलंय."

सासूबाई स्टुलावर बसल्या. "कुणाला बोललीस?"

"तुमच्या लेकालासुद्धा नाही. चला, डॉक्टरीणबाईंकडे जाऊ. घरी सांगू, अस्तराचं कापड आणायला गेलो."

डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासली. "दिवसबिवस काही गेलेले नाहीत. पाळी लांबायला कारणं पुष्कळ असतात. ताण, वजन, थायरॉइड, एखादं औषध. तुमच्या वयात ती जायलाही लागते. तरी रक्त तपासून घेऊ."

"मग कंबर कशी वाढली? मापात माझी चूक होत नाही."

सून खाली बघत म्हणाली, "आई, टेप मी बदलली. जुनी ताणून लांब झाली होती, माप कमी दाखवायची."

डॉक्टरीणबाईंनी खोकल्याचं निमित्त करून तोंडावर रुमाल धरला. सासूबाईंनी सुनेकडे डोळे वटारले, आणि मग त्यांनाच असं हसू फुटलं की पदर तोंडात कोंबावा लागला.

परतताना मात्र त्या सुनेच्या दोन पावलं मागेच चालत होत्या. पाळणा कुठल्या कोपऱ्यात मावेल ते त्यांनी मनात ठरवून ठेवलं होतं. दुपट्यासाठी मऊ तुकडेही बाजूला काढले होते. हे त्या कुणालाच सांगणार नव्हत्या.

दुकानात शिरताच त्यांनी विचारलं, "जुनी टेप फेकलीस?"

"नाही. तुमच्या खणात ठेवलीय."

त्यांनी ती काढून आपल्या गळ्यात टाकली. नवी खुंटीवरून घेऊन सुनेच्या गळ्यात घातली, दोन्ही टोकं सारखी केली.

"विचारायची अक्कल नाही तुला," त्या म्हणाल्या. "पण तुझ्यापाशी आलेली गोष्ट बाहेर जात नाही. उद्यापासून मापं तू घे."