बिब्बा लावलेली सायकल

मित्रांनो, काही महिन्यांपूर्वी मला पाहून तुम्ही म्हणाला असता, ही एक जुनी सायकल आहे. तसं म्हणावं यासाठीच माझ्यावर दोन दिवस मेहनत घेतली गेली होती. माझं खरं वय दीड वर्ष आहे.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझा रंग आकाशी निळा होता. वर्ध्याच्या दुकानात रक्षानं मला पसंत केलं. त्यासाठी ती आदला सगळा हंगाम सुट्टीच्या दिवशी लोकांच्या वावरात कापूस वेचत होती. तिचं घर आंजीपासून पाच किलोमीटर आत, जंगलाला लागून. वर्ध्यात ती नर्सिंगचा कोर्स करायची. आंजीहून सकाळी सातची बस धरली, तरच पहिली हजेरी लागे. तिची पहिली सायकल आंजीच्या थांब्याजवळच्या लिंबाखालून महिन्याभरात चोरीला गेली होती. त्यानंतर पायी जाताना आठवड्यातून तीनदा तिची बस चुकत होती. तेव्हा घर ते थांबा हे पाच किलोमीटर, एवढंच माझं काम होतं.

मी अंगणात आले, तशी तिची आई रामबाई माझ्याभोवती एक फेरी मारून आली.

"इतकी देखणी काऊन आणली वं?" ती म्हणाली. "पोरगी देखणी, सायकल देखणी. लोकायनं पाहावं तरी कोणाकडे?"

आमच्याकडे नव्या गाडीला नजर लागू नये म्हणून बिब्बा बांधतात. रामबाईला एका बिब्ब्यावर भरवसा नव्हता. नजरेसाठी एक पुरतो, चोरासाठी शेरभर लागतो, असा तिचा हिशेब. जंगलातून वेचून आणलेले बिब्बे तिनं तापवून त्यांचं तेल काढलं, हातांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या आणि काडीला चिंधी गुंडाळून ते काळं तेल माझ्या दांडीला, कॅरियरला, मडगार्डला फासलं. बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं की उततं. फोड येतात, आग होते, हात सुजतो. रक्षाचा भाऊ अमर पोलीस भरतीची तयारी करत होता. आई त्याला आतापासूनच साहेब म्हणायची. या साहेबांनी माझा पत्रा विटेनं खरवडला, घंटी काढली आणि सीटवर फाटकं पोतं शिवलं.

"माय, आता भंगारवाला बी हिले हात लावत नाई," तो म्हणाला. तिघंही हसली. मला हसू आलं नाही.

घरात नियम झाला. हात लावायचा तो फक्त हँडलला आणि सीटला. दांडीला कुणी शिवायचं नाही. दर पंधरा दिवसांनी रामबाई नवा हात फिरवायची.

युक्ती चालली, हे कबूल केलं पाहिजे. लिंबाखालच्या तीन चकचकीत सायकली माझ्यादेखत गेल्या. माझ्याकडे कुणी मान वळवली नाही. बसमधल्या मुली खिडकीतून ओरडायच्या, "रक्षा, तुही म्हैस उभी हाये वं!" तीही हसून म्हणायची, "राहू दे, दूध देते." संध्याकाळी घरी गेल्यावर मात्र ती माझी साखळी पुसायची, तेल द्यायची, चाकाची एकेक तार फडक्यातून काढायची. दिवसभर म्हैस म्हणून उभं राहण्याचा मोबदला मला तेवढाच मिळे.

एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. रस्त्यावरच्या माणसांना म्हैस दिसत होती. काळ्या थराखाली नवी सायकल आहे, हे जगात फक्त तिघांना ठाऊक होतं.

जानेवारीतल्या एका मंगळवारी भर दुपारी अमर लिंबाखाली आला. मी निर्धास्त होते. घरचा माणूस होता. मागच्या चाकाला कुलूप होतं आणि चावी रक्षाच्या गळ्यातल्या दोऱ्यात. मला ढकलत नेणं शक्य नव्हतं. त्यानं तळहातांना हातरुमाल गुंडाळला, दांडी धरून मला उचललं आणि वर्ध्याला निघालेल्या मालवाहू ऑटोत टाकलं. रुमाल पातळ होता.

वर्ध्यात मोतीलाल नावाच्या मिस्त्रीनं मला भंगार म्हणून विकत घेतलं. दुसऱ्या दिवशी तो रॉकेल आणि पॉलिश पेपर घेऊन मला घासायला बसला. माझा निळा रंग वर आला आणि त्याची बोटं उतली.

नवव्या दिवशी रक्षा दुकानात आली. वर्ध्यातली सगळी सायकल दुकानं ती पायी पालथी घालत होती.

"काका, हे निळी कोठून आणली?"

"सायकल नाई ते, नागीन हाये," मोतीलाल म्हणाला. "पाह्य, बोटायचं काय करून ठेवलं."

ती त्याच्या बोटांकडे बराच वेळ पाहत राहिली. मग तिनं गळ्यातली चावी काढून माझ्या कुलपाला लावली. कुलूप उघडलं. मोतीलाल ताठ बसला. तुझी असेल तर घेऊन जा, पण विकणाऱ्याचं नाव ठाण्यात लिहून दे, नाहीतर उद्या मलाच चोर ठरवतील, असं त्यानं सांगितलं. त्यात त्याचं काही चुकलं नाही.

"असेच हात माह्या घरी बी हायेत, काका," रक्षा म्हणाली.

पुढचं तिनं माझ्या साखळीकडे पाहत सांगितलं. भावाचे तळहात फोडांनी भरले. उन्हानं झालं, असं म्हणत आई रोज खोबरेल लावते. घरात धावायचे नवे बूट आले आहेत. त्याला नाडी धरता येत नाही, म्हणून तीही आईच बांधते. रक्षानं सरळ विचारलं, तेव्हा आई एवढंच म्हणाली, "सायकल पुन्हा येईन. भरतीचं वय पुन्हा येत नाई." ठाण्यात नाव गेलं, तर साहेबांची भरती संपली असती.

"मंग तुह्या कोर्सचं?" मोतीलालनं विचारलं.

"पायी जाऊन सातची बस भेटत नाई. हजेरी पयलेच कमी होती. नाव कटलं."

तिनं चावी त्याच्या बाकावर ठेवली. "कुलूप चांगलं हाये. तोडू नका."

आता मला लाल रंग दिला आहे. नवी घंटी आहे, सीटवरचं पोतं गेलं. दुकानासमोर उभी असते आणि येणारा-जाणारा वळून पाहतो. जिनं मला निवडलं होतं, ती पुन्हा या रस्त्यानं आली नाही.

मित्रांनो, सायकल पुसत जा, साखळीला तेल देत जा, कुलूप लावायला विसरू नका. एवढं कोणीही सांगेल. माझं एक जास्तीचं मागणं आहे. घरात कुणाचा हात उतलेला दिसला, तर खोबरेलाची बाटली उघडण्याआधी विचारा, हा हात कुठं लागला होता. रामबाईनं विचारलं नाही. तिला विचारायची गरजच नव्हती. बिब्बा तिनंच लावला होता.