पाण्याने निवडलेला नगरसेवक

गर्दी इतकी की मागच्याला शिंक आली तर पुढच्या तिघांनी नाक पुसावं. जागा म्हणजे आमच्या वॉर्डातलं सिमेंटचं गोदाम. एरवी तिथे उंदीरसुद्धा नाक मुरडत. त्या दुपारी मात्र थप्प्यांवर माणसं, खिडक्यांच्या गजांना माणसं, आणि मधोमध एका काचेच्या टाकीमागे, पांढऱ्या झुळझुळीत झग्यात, जलबाबा. टाकी मुळात माशांची होती. मासे कुठे गेले, हे विचारायची छाती कुणाला झाली नाही.

हे बाबा अन्नाला शिवत नाहीत, नुसत्या पाण्यावर जगतात, असं त्यांचा चेला सांगे. पोटाचा घेर बघता ते पाणी चांगलंच घट्ट असावं. त्यांनी पाण्याला विचारून लग्नं जुळवली होती, हरवलेली म्हैस शोधली होती, आणि एका वकिलाला म्हणे खरं बोलायला लावलं होतं. या शेवटच्या चमत्कारावर आमच्या वॉर्डातल्या वकिलांचाही विश्वास नव्हता, पण तेही आले होते.

आता हे बाबा नगरपालिकेच्या निवडणुकीत काय करत होते? तर उमेदवार निवडत होते.

उमेदवार चार. पहिला आमचा नगरसेवक, फीतशेठ. याने वॉर्डात काम म्हणून एक केलं नाही, पण फिती इतक्या कापल्या की कात्रीला धार लावणाऱ्याने त्याच्या जिवावर मजला चढवला. गोदामही त्याचंच. दुसरा शिंपी, तिसरा सायकल दुरुस्तीवाला, आणि चौथ्या आमच्या दातांच्या डॉक्टर, दाताच्या बाई. बाईंचा दवाखाना मुख्य गल्लीत. त्याच्यासमोर उघडं गटार. त्या गटारात बाईंच्या सासूबाई पडल्या आणि खुब्याचं हाड मोडून बसल्या, तेव्हा बाईंनी अर्ज भरला. अर्जावर सूचक म्हणून सही केली ती सासूबाईंनीच, पलंगावर पडल्या पडल्या, फीतशेठच्या सात पिढ्यांचा उद्धार करत.

नियम साधा आहे. अर्ज भरायचा, त्याची छाननी व्हायची, मग अर्ज मागे घ्यायला मुदत असते. मुदत सरल्यावर रिंगणात एकटाच उरला, तर मतदान होतच नाही. अधिकारी त्याला बिनविरोध निवडून आल्याचं जाहीर करतात. आणि एकदा मागे घेतलेला अर्ज पुन्हा पुढे करता येत नाही, मग तुम्ही कचेरीसमोर लोळण घ्या नाहीतर उपोषणाला बसा.

ती मुदत त्या दिवशी तीनला संपत होती. बाबांचं पाणी बरोबर त्याच दिवशी जागृत झालं होतं.

आणि आमचे लोक कसे, तर त्यांनी या सोहळ्यालाच छाननी म्हणायला सुरुवात केली. कचेरीतली छाननी होऊन गेली होती, चारही अर्ज पास झाले होते, हे कुणाच्या गावीही नव्हतं. माणसं एकमेकांना सांगत होती की कागद साहेब तपासतो, पण माणूस तपासायचा तर पाणीच पाहिजे. आमच्या वॉर्डाला हे पाणी प्यायला कधी मिळत नसे, ते सोडा.

चेल्याने चार कोऱ्या पुठ्ठ्यांवर निळ्या शाईने चार नावं लिहिली. बाबांनी डोळे मिटले आणि घोगऱ्या आवाजात सुरू केलं.

"पाणी कुणाच्या बापाचं नाही. पाण्याला जात नाही, पक्ष नाही, चिन्ह नाही. पाणी खोटं पुसतं, खरं ठेवतं. जो पाण्याच्या विरुद्ध उभा राहील, त्याच्या घरच्या नळाला हवा येईल."

नळाला हवा तर रोजच यायची. तरी लोक शहारले.

बाबांनी एकेक पुठ्ठा घेऊन त्याच्यावरून आशीर्वादाची मूठ फिरवली आणि टाकीत बुडवला. शिंप्याचं नाव निळ्या धुरासारखं विरघळून गेलं. बायकांनी श्वास रोखले. सायकलवाल्याचं गेलं, बाईंचंही गेलं. मग फीतशेठचा पुठ्ठा. त्याच्यावरून मूठ जरा जास्तच प्रेमाने फिरली. पुठ्ठा बुडला, वर आला, आणि नाव तसंच्या तसं, काना मात्रा न हलता. गोदामभर असा काही हुंकार उठला की छताच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली ती पुढे कित्येक दिवस परत आली नाहीत. फीतशेठने डोळ्यांना रुमाल लावला. बिचाऱ्याला स्वतःचा चांगुलपणा सोसवेना.

चेल्याने लगेच माघारीचे अर्ज पुढे केले. त्याचं म्हणणं, रिक्षा दारात उभी आहे, कचेरी जवळच आहे, तिघांनी सह्या करून तसंच जायचं. शिंप्याने सही केली सुद्धा. सायकलवाला पेन हातात घेऊन घाम पुसत होता. त्याची बायको मागून त्याला कोपराने ढोसत होती, की घरात लहान मूल आहे, पाण्याशी वैर नको.

आणि पहिल्या रांगेत, वॉकर पुढ्यात धरून, दाताच्या बाईंच्या सासूबाई.

"सूनबाई," त्या म्हणाल्या, "सही कर. डोळ्यांदेखत नाव धुतलं गेलं तुझं."

"आई, तुम्हीच सूचक आहात माझ्या."

"होते. मला काय ठाऊक होतं पाण्याच्या मनात काय आहे ते."

"आणि तुमचा खुबा?"

"तो माझ्या नशिबाने मोडला. फीतशेठने काय ढकललं होतं मला?"

इथे एक गोष्ट सांगायला हवी. सगळं गोदाम अक्षरांकडे बघत होतं, बाई पाण्याकडे बघत होत्या. फीतशेठचा पुठ्ठा बाकी सगळीकडे भिजून फुगला होता, पण नावावर थेंब गोल गोल उभे होते, अळवाच्या पानावर राहतात तसे. दिवसभर जी बाई लोकांच्या जबड्यांचे मेणाचे ठसे घेते, तिला असे थेंब कशावर उभे राहतात हे पाठ असतं. तिला विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नाही.

बाई पुढे झाल्या. त्यांनी नम्रपणे विचारलं, की सही करते, पण आधी पाण्याने राखलेल्या नावाचं दर्शन घेऊ का? बाबा नको म्हणायच्या आत लोकच म्हणाले, घेऊ द्या. बाईंनी पुठ्ठा हातात घेतला, पर्समधून दातांचं किटण खरवडायचा आकडा काढला, आणि फीतशेठच्या नावाचा पहिला अर्धा भाग हलक्या हाताने खरवडला. आकड्याच्या टोकाला पांढरी साय गोळा झाली. मग त्यांनी पुठ्ठा टाकीत बुडवला.

खरवडलेलं अर्धं नाव बाकी तिघांच्या नावांसारखंच निळा धूर होऊन गेलं. उरलेलं अर्धं जागच्या जागी.

"हे काय, शेठ," मागून कुणीतरी म्हणालं, "पाण्याने तुम्हाला अर्धंच निवडलं?"

"बाबा, मूठ उघडा," बाई म्हणाल्या.

बाबांनी मूठ उघडली नाही. त्यांनी ती टाकीत घातली, शुद्धीसाठी म्हणाले, आणि पाण्याखाली अलगद सोडली. त्यांना वाटलं, जे काय आहे ते तळाला जाईल. पण मेण पाण्यावर तरंगतं, हे नुसत्या पाण्यावर जगणाऱ्या या महापुरुषाला कुणी सांगितलंच नव्हतं. मेणबत्तीचा तुकडा बुडबुड करत वर आला आणि सगळ्यांसमोर टाकीत फिरू लागला.

बाईंनी तो तुकडा उचलला, पदराने कोरडा केला, चेल्याचा निळ्या शाईचा पेन घेतला, उरलेल्या एका कोऱ्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत 'गटार' असं लिहिलं, वरून मेण घासलं, आणि पुठ्ठा बुडवून वर धरला. अक्षरं जशीच्या तशी.

"घ्या. पाण्याने गटार निवडलंय. करा बिनविरोध."

हसण्याला सुरुवात कोणी केली कोण जाणे. शिंप्याने मात्र हसण्यात वेळ घालवला नाही. त्याने चेल्याच्या हातातला आपला माघारीचा अर्ज ओढून फाडला. सायकलवाल्याने पेन खिशात टाकला, तोही चेल्याचाच. फीतशेठ लोकांना सांगू लागला की मीही तुमच्यासारखाच फसलो. गोदाम, टाकी आणि रिक्षा यांबद्दल मात्र त्याला काही आठवेना. बाबा त्याच रिक्षात बसून गेले. आजही कुठेतरी पाण्याला विचारत असतील, फक्त मेणाचा रंग बदलला असेल.

बाई सासूबाईंजवळ जाऊन बसल्या. म्हातारी म्हणाली, "म्हणजे हाड नशिबाने मोडलं नाही तर."

"नाही, आई. झाकण नव्हतं म्हणून मोडलं."

तीन वाजून गेले. कचेरीत माघारीचा एकही कागद पोचला नाही.

आता मंडळी, मेण घासायची युक्ती तुम्ही घरी करून बघा. मेणबत्ती, शाई आणि बादली पुरते. पण मेण ही छोटी लबाडी होती. मोठी लबाडी ही, की तुमचं मत तुमच्या हातून काढून घ्यायचं आणि त्याला कौल म्हणायचं. माणसं चार उभी असतील, तर त्यांतला बरा कोण हे पाणी सांगत नाही, तारे सांगत नाहीत, झगा घातलेला कुणीही सांगत नाही. ते तुम्हीच ठरवायचं असतं. त्यांनी काय केलं ते बघा, काय करणार ते विचारा, उत्तर नाही पटलं तर पुन्हा विचारा. जो म्हणेल विचारू नका, त्याची मूठ आधी उघडून बघा.

मतदान झालं. सासूबाई वॉकर ठोकत केंद्रावर गेल्या, रांगेत पुढे जा म्हणणाऱ्यांना त्यांनी हात हलवून गप्प केलं, आणि आपला नंबर येईपर्यंत उन्हात उभ्या राहिल्या. बाहेर आल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर असं काही तेज होतं की बाईंना राहवलं नाही. त्यांनी हळूच विचारलं, की आई, मत कुणाला दिलंत?

म्हातारीने शाई लागलेलं बोट सुनेपुढे नाचवलं.

"ते नाही सांगायचं, सूनबाई. मतदान गुप्त असतं."