वारेवरचे ठिपके

काचपट्टीवर जांभळी कोर. एक नाही, कितीतरी... कापलेल्या नखांसारख्या, पेशीत दाटीवाटीने बसलेल्या. तिने सूक्ष्मदर्शकाची चकती फिरवून सगळं धूसर केलं, पुन्हा स्पष्ट केलं – त्या तिथेच. दुसरी काचपट्टी लावली. तिथेही.

छे, घाटमाथ्यावर बहिणीच्या मेंढवाड्यात, इतक्या उंचीवर हे कुठलं! मेंढ्या थंडीने गाभडतात, एवढंच – असं तिनेच धाकट्या बहिणीला फोनवर छातीठोकपणे सांगितलं होतं, वर हसलीही होती. घरात पशुवैद्य असल्याचा रुबाब, दुसरं काय. तपासायला मेलेल्या कोकराबरोबर पडलेली वार मागवली ती निव्वळ धाकटीच्या समाधानासाठी. डबा उघडल्यावर वारेवर मोहरीएवढे पांढरे ठिपके दिसले तेव्हाच ओळखायला हवं होतं, पण मन मोठं लबाड, ते बघायलाच तयार नव्हतं.

हा जंतू मांजराच्या विष्ठेतून चाऱ्यात जातो, चाऱ्यातून मेंढीत, मेंढीतून तिच्या पोटातल्या कोकरात. आणि वर तर मांजरच नव्हतं... नव्हतं ना? उंदीर माळ्यावरचं गवत फस्त करायचे, धाकटी रडकुंडीला आली होती, तेव्हा – बुटाच्या खोक्याला भोकं कोणी पाडली? मीच. मांजराचं पिल्लू घातलेलं ते खोकं मांडीवर घेऊन घाटाची वळणं चढून कोण गेलं? मीच की! पिल्लू दिवसभर गवतात लोळायचं, तर धाकटीचा नवरा म्हणाला होता, "ताई, मांजर आणलंत की जावई?" सगळे किती हसलो होतो.

मेंढ्यांचं जाऊ दे. मेंढ्यांचं नव्हतंच हे.

"अडलेलं कोकरू मीच काढते गं ताई, ह्यांचा हात जाडजूड, माझा कसा सर्रकन जातो," धाकटी परवाच सांगत होती, कौतुकाने. त्या मेलेल्या कोकरांत, त्या ओल्या वारेत तिचे उघडे हात – आणि इतक्या वर्षांनी, सगळ्यांनी आशा सोडल्यावर, तिला दिवस गेलेले. मेंढीचं पोट काय अन् बाईचं काय, ह्या जंतूला कसला फरक! हातमोजे घालतेस का, एवढंही मी विचारलं नाही... रक्त तपासता येतं, औषध असतं, वेळेत सांगायला मात्र हवं. मेंढपाळांना अशा बातम्या ती एका दमात सांगून टाकायची.

फोन वाजला. धाकटीच.

"ताई, अगं आज हललं! पहिल्यांदा! मासोळी फिरल्यासारखं... ऐकतेयस ना?"

"हो... मांजर कुठंय?"

"हे काय, मांडीवर. पोटाला कान लावून बसलंय सोंगाडं. का गं?"

सांगायला हवं होतं, आत्ताच, ह्याच क्षणी. तिने तोंड उघडलं – आणि इतकी वर्षं तोंडपाठ असलेलं त्या जंतूचं नाव तिला काही केल्या आठवेना.