स्लॅब कोरडा

सोमवार. हवा: ऊन. हजेरी: बेचाळीस. काम: बॉयलर घराचा स्लॅब भरला. शेरा: नाही.

असं साइटच्या वहीत लिहिलं. ती वही साहेब दर शनिवारी वाचतात. तिच्या पानांवर आकडे छापलेले आहेत, पान फाडता येत नाही. ही दुसरी वही माझी. हिच्यात शेरा आहे.

शेरा: स्लॅब माझा होता. करी रोडच्या या गिरणीत नवं बॉयलर घर उभं राहतंय, त्याचा ओव्हरसियर मी, गंगाधर. अकरा वर्षं नोकरी. साहेबांनी स्लॅब दत्ताराम मिस्त्रीला दिला. दत्ताराम नकाशा उलटा धरला तरी वाचतो, असं सगळ्यांसमोर म्हणाले. अंबरनाथला मोठ्या कारखान्याचं काम निघालंय. तिथली साइट सांभाळायला एकालाच पाठवणार. कोणाला, ते शनिवारी स्लॅब बघून सांगणार.

मंगळवार. हवा: ऊन.

दत्तारामने स्लॅबवर बोटभर उंच वरंब्यांची आळी केली आणि पाणी भरलं. नवा स्लॅब चौदा दिवस ओला ठेवायचा, पहिले सात दिवस तर तासभरही सुकू द्यायचा नाही, भेगा पडतात. हे त्याला मीच शिकवलं. तेव्हा तो विटा वाहायचा आणि त्याचं पाणी प्यायचं डबडं वेगळं असायचं. गेल्या वर्षी नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आला आणि साइटवरच्या माठातून सरळ पाणी घेऊ लागला. मला काही वाटलं नाही.

खोडतो. वाटलं. पण साहेबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा जास्त वाटलं.

बुधवार.

उद्या संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ. दत्ताराम मोर्चात जाणार. स्लॅबला पाणी घालायचं त्याने सुभद्रेला सांगितलं. सुभद्रा बिगारी आहे, लालबागहून येते. मला त्याने विचारलं नाही. मी नाहीच म्हणालो असतो. तरी विचारायला हवं होतं.

गुरुवार. हवा: कडक ऊन. हजेरी: एक.

तो एक मी. घरी मोर्चाला जातो म्हणून सांगितलं आणि पहाटेच गिरगावातून चालत निघालो. का आलो ते लिहायचं नाही असं ठरवलं होतं. लिहितो: स्लॅब सुकलेला बघायला आलो.

नऊ वाजता पोलिसांनी लालबागचा नाका बंद केला. सुभद्रा येणार नाही हे मला तेव्हाच कळलं. एका बाजूचा वरंबा फुटला होता, तिथलं पाणी वाहून गेलं. बाकीचं उन्हाने नेलं.

साइटच्या वहीत शाईने लिहिलं, खाली सही केली: दुपारी १२. स्लॅब कोरडा. पाणी घालायला कोणी नाही.

अक्षर छान आलं.

सावलीत बसलो. लांबून घोषणा ऐकू येत होत्या. त्यात त्याचा आवाज असणार. आवाजही चांगला आहे त्याचा.

बारा वीस. कड पांढरी पडली.

बारा तीस. पांढरं आत सरकलं.

वर चढून हात टेकला. चटका बसला.

मग रॉकेलचे दोन रिकामे डबे घेतले आणि पाण्याच्या टाकीपासून शिडी, शिडीपासून टाकी. किती खेपा ते मोजलं नाही. फुटलेला वरंबा थापीने नीट केला. दत्तारामसाठी नाही. स्लॅबला ठाऊक नसतं तो कोणाचा ते.

साइटच्या वहीत पुढची ओळ लिहायला पेन उघडलं. बंद केलं.

संध्याकाळी दत्ताराम धावतच आला. घसा बसलेला, सदरा खांद्यावर फाटलेला. सुभद्रा नाक्यावरूनच परत गेल्याचं त्याला वाटेत कळलं होतं. तो वर गेला, बराच वेळ खाली आला नाही. मग माझ्या पायाशी बसला.

"हा वरंबा तुमच्या हातचा," तो म्हणाला. "सुभद्राताईची बोटं उमटतात. तुम्ही थापी ओढता."

मी म्हटलं, येत होतो या बाजूने.

"मी साहेबांना सांगणार. आज तुम्ही नसता तर मी मेलो होतो."

नको सांगू, म्हणालो. मनाचा मोठेपणासुद्धा त्याच्याचकडे जाणार, हे मला बघायचं नव्हतं.

शुक्रवार.

सुभद्रा सगळ्यांना सांगत फिरली की ओव्हरसियरने बाईमाणसाचं काम केलं, आता त्यालाच बिगारी लावा.

शनिवार.

दत्तारामने सांगितलंच. नंतर साहेबांनी वही वाचली आणि दोघांना बोलावलं.

"इथे लिहिलंय कोरडा. हा म्हणतो तुम्ही पाणी घातलंत. खोटं कोण बोलतंय?"

दत्ताराम माझ्याकडे बघत होता. वही खरी, एवढंच म्हटलं की झालं. अंबरनाथ माझं होतं.

"दोन्ही खरं," मी म्हणालो. "बारा वाजता कोरडा होता. नंतर मी घातलं."

"मग ते का नाही लिहिलंत?"

याचं उत्तर या वहीत आहे. ही वही साहेबांना कशी दाखवू?

साहेब दत्तारामवरही चिडले. हरताळाच्या दिवशी एकाच बाईच्या भरवशावर स्लॅब सोडलास, म्हणाले. चिडून झाल्यावर माझ्याकडे न बघता सांगितलं की डबे वाहणारे खूप मिळतात, अंबरनाथला आपल्याला पूर्ण खरं सांगणारा माणूस हवा. दत्ताराम सोमवारी निघेल.

सोमवार. हवा: ऊन.

निघताना दत्ताराम माठाशी थांबला. पाणी प्याला, तोच पेला भरून माझ्यापुढे धरला. मी प्यालो.

स्लॅबचे अजून सात दिवस आहेत. मी घालते पाणी, सुभद्रा म्हणाली. नको म्हटलं. रोज मीच चढतो. पाणी भरायच्या आधी गुडघ्यांवर बसून या कडेपासून त्या कडेपर्यंत भेग शोधतो.

अजून एकही सापडलेली नाही.