अकरासमोर शून्य

आठसमोर चाळीस, नऊसमोर पंचावन्न, दहासमोर बावीस आणि अकरासमोर शून्य. स्टोअरकाकांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. शून्य जागचं हललं नाही.

कारखान्यात कामगारांना जाड तळव्याचे बूट वाटायचे, हे त्यांचं एकतीस वर्षांचं काम. पुढच्या वर्षी कोणत्या मापाचे किती जोड लागतील, याचा कागद मुख्य ऑफिसकडून आला होता आणि वर ठसठशीत लिहिलं होतं, फोरकास्ट. अख्ख्या कारखान्यात अकरा नंबरचा पाय एकच, खुद्द काकांचा. म्हणजे पुढच्या वर्षी हा पाय इथे नसणार, हे वर कुणीतरी ठरवलं होतं. निवृत्तीला तर अजून चार वर्षं होती.

कुठेतरी पाणी मुरत होतं. मागच्याच आठवड्यात दोन माणसं टेप लावून स्टोअरची खोली मोजून गेली होती. रोज चहाला हाक मारणारा फोरमन दोन दिवस तोंड फिरवून जात होता. त्याची दाढ सुजली होती, पण संशयी माणसाला दुसऱ्याची दाढ दिसत नाही.

त्यांची मुलगी एका शाळेत इंग्रजी शिकवायची. काकांनी ताकाला जाऊन भांडं लपवलंच. स्टोअरमधल्या कुणाला तरी हवंय, असं सांगून अर्थ विचारला.

"फोरकास्ट म्हणजे भविष्य का गं?"

"भविष्य नाही हो बाबा, ते ज्योतिषाचं. हा अंदाज. मागे काय काय झालं ते बघून पुढचं सांगायचं. पावसाचा असतो, विक्रीचा असतो."

"एका माणसाचा असतो?"

"एका माणसाचा कोण कशाला करेल?"

काकांचं समाधान झालं नाही. अंदाज दोन असतो, पाच असतो. शून्य हा कसला अंदाज, ती तर पक्की खबर. जेवण अर्धवट टाकून ते उठले आणि बायकोला म्हणाले, भाजी अळणी झालीय. भाजी अळणी नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो कागद बनवणारी मॅडमच कारखान्यात आली. मुलीच्याच वयाची. काकांनी कागद तिच्यापुढे ठेवला.

"मॅडम, काढायचं असेल तर तोंडावर सांगा. बुटांच्या यादीतून नको."

तिला आधी काही कळेना. कळलं तेव्हा तिने कॉम्प्युटर उघडून त्यांच्याकडे वळवला.

"काका, सहा वर्षांत अकरा नंबर कुणी घेतलाच नाही. मला वाटलं, या मापाचं इथे कुणी नाहीच."

खोली मोजणारे ऑफिसनेच पाठवलेले रंगारी होते, हेही तिने सांगितलं. काकांचं तिकडे लक्ष नव्हतं. सहा वर्षं ते जुन्याच बुटांना चांभाराकडून तळवे मारून घेत होते. अजून चालतायत की, म्हणत नवा जोड फळीवरच ठेवत होते. वर्षात बूट फाडणाऱ्या पोरांना यावरून त्यांनी किती बोल लावले होते! काकांवर कुणाचाच डाव नव्हता. कागदावर ते सहा वर्षं नव्हतेच, एवढंच. याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं. डाव टाकणारा निदान ओळखत तरी असतो.

"एक लिहू का?" तिने ओशाळून विचारलं.

"थांबा."

त्यांनी मागच्या फळीवरून एकुलता एक अकरा नंबरचा जोड काढला, धूळ झटकली. पावती फाडली. देणाऱ्याची सही केली, मग घेणाऱ्याचीही. स्टुलावर बसून बूट चढवले, नाड्या बांधल्या.

"आता लिहा," ते म्हणाले.

सुटीच्या वेळी फाटकाकडे जाताना बूट टाचेला चावत होते. मागून फोरमनने सुजल्या तोंडाने विचारलं, लंगडताय का.

"नवे आहेत," काका म्हणाले, आणि मुद्दाम पाय आपटत चालत राहिले.